खरखर टॉवरची नव्हे, घरचीच

जळगावच्या पिंप्राळ्यात संध्याकाळी रेडिओचा काटा ३१ मीटरच्या पट्ट्यावर नेला, की स्टेशनाआधी घरघर ऐकू येते. मग लोक म्हणतात, शॉर्टवेव्ह आता बंदच पडली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी २०२० मध्ये थांबलं, आकाशवाणीचाही या पट्ट्यांवरचा पसारा आटला, हे खरंच. पण बीबीसीची इंग्रजी सेवा आणि चीनचा सरकारी रेडिओ अजून तिथे आहेत. त्यांना दाबणारा गोंगाट बहुधा आपणच विकत आणलेला असतो.

दोष मात्र मोबाइल टॉवरला जातो. शॉर्टवेव्ह ३ ते ३० मेगाहर्ट्झची, तर मोबाइलच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झ आणि त्यावरच्या. खरे संशयित म्हणजे एलईडी बल्ब, चार्जर आणि इन्व्हर्टर. यांतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं, त्याचे पडसाद मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात आणि घरचं वायरिंगच अँटेनासारखं ते पसरवतं. चांगल्या वस्तूत फिल्टर असतो. स्वस्तात तोच गाळलेला. बल्बवरचे तारे बघून खात्री मानू नये, ते वीजबचतीचे असतात, शांततेचे नव्हेत. मोबाइल काढून घेतला तरी सॉकेटात राहिलेला चार्जर आवाज करू शकतो.

शोधाला यंत्र लागत नाही. रेडिओ सेलवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाडा. इथे अनेकजण फसतात: मेन पाडला तरी इन्व्हर्टर चालूच असतो, तोही बंद करा. घरघर गेली तर चोर घरातला. एकेक एमसीबी चढवत जा, सापडेल. उन्हं वर आल्यावर सुरू होऊन मावळतीला थांबणारी घरघर असेल, तर छतावरच्या सोलरवर संशय घ्या.

सगळं बंद करूनही आवाज राहिला, तर रेडिओ हातात घेऊन गल्लीत निघा. रेडिओ नुसता फिरवला की दिशा कळते, हा समज अर्धाच खरा. तसं मीडियमवेव्हवर होतं, कारण तिथली अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी. जळगाव आकाशवाणीच्या ९६३ किलोहर्ट्झपासून थोडं बाजूला, रिकाम्या जागी काटा ठेवा आणि रेडिओ सावकाश फिरवा. आवाज सर्वांत मंदावेल तेव्हा कांडीची टोकं उगमाच्या रेषेत असतात. शॉर्टवेव्हच्या ओढायच्या दांडीला ही युक्ती लागू नाही.

शेताच्या बाजूने ठराविक अंतराने टक-टक येत असेल, तर ते कुंपणाचं झटका मशीन. रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारेखालून इंजिन जाताना येणारी चरचर गाडीबरोबर निघून जाते, तिच्यामागे लागू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चढणारी आणि पहिल्या पावसाने मंदावणारी जाड घर्रघर्र मात्र खांबावरच्या सैल जोडाची असू शकते. खांबाला हात लावू नका, तो हलवूही नका. त्याचा नंबर टिपून महावितरणला कळवा. ठिणगी पडणारा जोड त्यांच्याही दृष्टीने बिघाडच.

राहता राहिला लांब तारेचा समज. खोलीभर गुंडाळलेली तार स्टेशनापेक्षा घरचा गोंगाटच जास्त गोळा करते. तीच तार गच्चीवर, विजेच्या तारांपासून लांब ताणा आणि कोॲक्सियल केबलने आत आणा. वळवाची वीज कडाडायला लागली, की ती रेडिओतून काढून ठेवा.