कचरा नेहमी पश्चिमेलाच

डिसेंबर २०२४मध्ये होनोलुलूच्या महापौरांनी हवाईतल्या ओआहू बेटाच्या नव्या कचरा डेपोसाठी वाहिआवाजवळची जागा जाहीर केली. ज्या भूजलावर बेट जगतं, त्याच्याच डोक्यावर! पाणीपुरवठा मंडळाने अर्थातच विरोध केला. मी बेट सोडून बरीच वर्षं झाली, तरी बातमी झोंबली.

जुन्या हवाईची घडी साधी होती. डोंगरापासून समुद्रापर्यंतचा जमिनीचा एकेक पट्टा, तो अहुपुआआ. ओढ्याचं पाणी अळूच्या खाचरांतून फिरून पुन्हा ओढ्याला मिळायचं आणि त्यातला कस खाली किनाऱ्यावरच्या मत्स्यतळ्यांत उतरायचा. त्यावर शेवाळ, शेवाळावर मासे. भांडी भोपळ्याची नि लाकडाची, उरलंसुरलं डुकरांना. वरच्याने घाण केली तर ती खालच्याच्या ताटात यायची. म्हणून नियमही कडक होते.

मधली ऊस, लष्कर आणि पर्यटनाची दीडशे वर्षं मी ओलांडतो. १९८९मध्ये पश्चिमेला वाइमानालो घळीत डेपो सुरू झाला, १९९०मध्ये तिकडेच कचरा जाळून वीज करणारा एच-पॉवर प्रकल्प.

माझं दशक २००५ ते २०१५. जानेवारी २००५पासून बाटलीमागे पाच सेंट अनामत आली. परताव्याच्या केंद्रांवर पिशव्या भरभरून लोक रांगा लावत. आमच्या गल्लीतल्या आजोबांचा दूधखर्च त्यातून निघायचा. २०१०पर्यंत दारोदारी निळे, हिरवे, करडे डबे आले. आम्हाला वाटलं, जमतंय.

त्याच सुमारास एक अचाट योजना निघाली: कचऱ्याच्या गासड्या बांधून जहाजाने वॉशिंग्टन राज्यात पाठवायच्या. तिथल्या याकामा या मूलनिवासी लोकांनी न्यायालयात जाऊन ती अडवली. मूलनिवासींच्या बेटावरची घाण दुसऱ्या मूलनिवासींच्या दारात टाकताना कुणालाही संकोच वाटला नाही, याचा राग मला अजून आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गासड्या बंदराजवळ कित्येक महिने कुजत पडल्या आणि शेवटी एच-पॉवरच्याच भट्टीत गेल्या. जानेवारी २०११च्या पावसात वाइमानालोचा डेपो फुटला, सुया-सिरिंजा शेजारच्या किनाऱ्यांवर लागल्या. पुण्याचा कचरा झेललेल्या फुरसुंगी-उरुळीकरांना हे नव्याने सांगायला नको.

उपाय काय निघाला? २०१२मध्ये एच-पॉवरला तिसरी भट्टी. करार असा की शहराने वर्षाला आठ लाख टन कचरा पुरवायचा. म्हणजे कचरा कमी केला तर शहरालाच भुर्दंड! २०१७च्या लेखापरीक्षणात तर निळ्या डब्यातलं सामानही जाळावं, अशी सूचना आली. ज्यांनी डबे धुऊन ठेवले त्यांनी काय समजायचं? २०१५च्या पिशवीबंदीचीही तीच तऱ्हा. पातळ पिशवी गेली, जाड प्लास्टिकची ‘पुन्हा वापरण्याची’ म्हणून काउंटरवर आली.

त्या दशकातलं एकच काम मला मनापासून पटलं. ओआहूवरच्याच हेएइआचं जुनं मत्स्यतळं १९६५च्या पुरात फुटलं होतं. स्थानिकांनी वर्षानुवर्षं दगड हातोहात देत भिंत बांधली आणि २०१५मध्ये भगदाड बुजवलं. त्यात ना ठेकेदाराचा करार होता ना टनांची हमी.

महापालिकेने ही चिकाटी कचरा घटवण्यात दाखवायला हवी होती. वाइमानालोचा डेपो मार्च २०२८मध्ये बंद करायचा, असा राज्याच्या भूवापर आयोगाचा आदेश आहे. तोवर एच-पॉवरची राख त्याच घळीत जाते, वाइआनाए किनाऱ्याच्या वाटेवर, जिथे मूळ हवाईयन सर्वांत जास्त राहतात.