डासाच्या पोटातले रखवालदार

डास दिसला की आपला हात आपोआप वर जातो. टाळी वाजते आणि तळहातावरचा रक्ताचा ठिपका पाहून एक शत्रू कमी झाल्याचे समाधान मिळते. माणसाने डासांशी आजवर केलेले युद्ध म्हणजे या टाळीचेच मोठे रूप. डीडीटी आले, फवारणीची पथके गावोगाव फिरली, औषध लावलेल्या मच्छरदाण्या आल्या. त्यांनी असंख्य जीव वाचवले हे खरे. पण डासही औषधे पचवायला शिकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली मलेरियाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांच्या आतली मुले.

मलेरियापुरते बोलायचे तर डास हा मूळ वैरी नव्हेच, तो वाहक. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन डास चावून घेतले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्या डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी पाहिला. रक्ताबरोबर मादीच्या पोटात शिरलेल्या परजीवींपैकी फार थोडे तगतात. ते भिंतीत गाठी करून राहतात आणि पुढे एकेका गाठीतून हजारो नवे परजीवी निघून लाळेपर्यंत पोचतात. म्हणजे शत्रूची संख्या सर्वांत कमी असते ती डासाच्या पोटातच.

आणि हे पोट काही रिकामे नसते. अळी असताना साचलेल्या पाण्यातून, पुढे फुलांच्या रसातून तिथे जीवाणूंची वस्ती होते. ही वस्ती तपासणाऱ्यांत आपल्या पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रही होते. क्युलेक्स डासाच्या पोटातल्या एका जीवाणूचे वर्णन तिथल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केले होते.

या वस्तीतल्या एका रखवालदाराचा शोध मात्र अगदी अनपेक्षितपणे लागला. स्पेनमध्ये माद्रिदजवळ त्रेस कांतोस येथे ग्लॅक्सो कंपनीची प्रयोगशाळा आहे. तिथे औषधांच्या चाचणीसाठी डासांना मुद्दाम मलेरियाची लागण करीत. २०१४ साली तिथल्या एका वसाहतीतल्या डासांना लागण होणे हळूहळू कमी झाले आणि वर्षअखेरीस जवळजवळ थांबलेच. प्रयोगाच्या दृष्टीने हा निव्वळ खोळंबा! कुणीही ते डास टाकून नवे आणले असते. पण तिथल्या मंडळींनी नमुने गोठवून ठेवले आणि दोनेक वर्षांनी पुन्हा बाहेर काढले. बँकेत रोजकीर्द एका रुपयाने जुळली नाही, तरी जुना कारकून घरी जात नसे. कारण त्या रुपयामागे काय दडले आहे हे शोधल्याखेरीज कळत नाही. इथे दडला होता डेल्फ्टिया नावाचा जीवाणू. तो हार्मेन नावाचे द्रव्य सोडतो आणि परजीवीची वाढ खुंटते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांसह केलेले हे काम ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात जाळीच्या मोठ्या बंदिस्त आवारातही त्याची परीक्षा झाली आहे.

यात डास मरत नाही, ही मोठी गंमत. मारणाऱ्या औषधाला जो डास पुरून उरतो त्याचीच प्रजा वाढते; इथे निदान तो मार्ग अवलंबण्याची डासाला घाई नाही. पण अडचणीही आहेत. डेल्फ्टिया आईकडून पिलांकडे जात नाही, तेव्हा तो पाण्यातून वा साखरपाण्यातून पुन्हा पुन्हा पुरवावा लागणार. शिवाय पोटातला प्रत्येक जीवाणू रखवालदारच असतो असे नाही. सेराशिया कुळातला एक जीवाणू डेंग्यूच्या विषाणूला उलट वाटच करून देतो, असे २०१९ मध्ये दिसून आले. वोल्बाकिया हा पोटातला नव्हे, तर डासाच्या पेशींत राहणारा जीवाणू. पण तो मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. असे डास सोडल्यावर इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

योग्याकार्तात डास सोडण्याआधी वस्त्यावस्त्यांतून लोकांना समजावून सांगितले गेले, संमती घेतली गेली. याचे महत्त्व आपल्याला ठाऊक असायला हवे. १९७५ साली हरियाणातील सोनीपत येथे डेंग्यूच्या डासांचे वंध्य नर सोडायचे ठरले होते. अमेरिकी पैशावरचा हा प्रकल्प जैविक युद्धाची तालीम आहे, असा संशय वृत्तपत्रांतून आणि संसदेतून व्यक्त झाला आणि तो गुंडाळावा लागला. कोण खरे, कोण खोटे हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच, की ज्यांच्या अंगणात डास सोडायचे त्यांना ते काय आणि कशासाठी, हे त्यांच्या भाषेत धड सांगितले गेले पाहिजे.

उद्या असा जीवाणू आपल्या गल्लीतल्या पाण्यात टाकायला कुणी आले, तर त्यांना दार लावून घेऊ नये आणि डोळे झाकून मानही डोलावू नये. बसवून घ्यावे, विचारावे. तोवर कूलरमधले आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांमधले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकण्याचे काम आपलेच आहे.