‘जत्रा भरते’ आणि ‘महोत्सव आयोजित केला जातो’: उन्हाळी लोकोत्सवांच्या क्रियापदांविषयी

चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत जे सामुदायिक उत्सव होतात, त्यांची नावे आज दोन कुळांत विभागलेली दिसतात. जत्रा, यात्रा, उरूस, बोहाडा हे एक कूळ. काजवा महोत्सव, कासव महोत्सव हे दुसरे. पहिल्या कुळातील उत्सव तिथीने अथवा देवाच्या कौलाने ठरतात. दुसऱ्यातील उत्सवांना गर्दी लोटते ती शनिवार-रविवारी. नावांतील हा फरक कोणाच्याही ध्यानात येतो. त्या नावांना जोडून येणाऱ्या क्रियापदांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वास्तविक उत्सव कोणाचा आणि त्याची मर्यादा कोणाच्या हाती, हे नामापेक्षा क्रियापदच अधिक स्पष्टपणे सांगते.

जत्रा ‘भरते’. घागर भरते, बाजार भरतो, शाळा भरते, आणि समुद्रास येते ती भरतीही याच धातूची. येथे क्रियापद अकर्मक असून कर्ता स्वतः जत्राच आहे. ‘गावकरी जत्रा भरतात’ असे कोणी मराठी भाषक म्हणावयाचा नाही. अरबीत विवाह असा अर्थ असलेला शब्द, साधुपुरुषाचा मृत्यू म्हणजे परमेश्वराशी मीलन या कल्पनेमुळे पुण्यतिथीस लागू झाला आणि ‘उरूस’ होऊन मराठीत आला. तोही येथे भरूच लागला. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगातील ठराविक तिथीस नसते. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. म्हणजे ठरविणारी माणसे असतात. परंतु भाषा त्यांना कर्तेपण देत नाही.

माणसाचे कर्तृत्व दाखवावयाचेच असेल, तर ‘भरवणे’ हे प्रयोजक रूप मराठीत तयार आहे. प्रदर्शन भरवतात, कुस्त्यांचा फड भरवतात. उलट मे १८७८ मध्ये पुण्यास महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या ग्रंथकारांच्या सभेपासून जी परंपरा सुरू झाली, ते साहित्य संमेलन निमंत्रणपत्रिका, स्वागताध्यक्ष आणि मांडव यांच्या एवढ्या खटाटोपानंतरही बोलण्यात ‘भरते’च.

‘महोत्सव’ हा शब्द संस्कृतातला, जुना. गावोगावच्या फलकांवरील त्याचा सुळसुळाट मात्र नवा. त्याच्याबरोबर ‘आयोजित केला जातो’ किंवा ‘आयोजन करण्यात आले आहे’ ही कार्यालयीन रचना येते. ही रचना कर्मणि असून तिच्यात कर्ता वाक्यातून गळालेला असतो. जत्रेच्या वाक्यात दुसरा कर्ता नाही, कारण भाषेने तो मानलेलाच नाही. महोत्सवाच्या वाक्यात तो आहे, परंतु दिसत नाही. दोहोंतील हे अंतर बारीक असले, तरी प्रत्यक्षात त्याचे परिणाम बारीक नाहीत.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील बोहाडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पालघर जिल्ह्यातील वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी इत्यादी समाजांच्या गावांत तो उन्हाळ्यात अनेक रात्री चालतो. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मोठे रंगीत मुखवटे बांधून गणपती, शारदा, भीम, रावण, नरसिंह आदी सोंगे संबळ व सनईच्या तालावर नाचतात, आणि देवी व महिषासुर यांच्या युद्धाने शेवट होतो. येथील मुख्य शब्द ‘सोंग’. प्रमाण मराठीत ‘सोंग घेणे’ म्हणजे ढोंग करणे. पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतोच. बोहाड्यात सोंग घेणे हा मान आहे. अमुक सोंग अमुक घराण्याकडे, अशी वंशपरंपरेची वाटणी अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे सोंग ‘निघते’ तेव्हा त्यामागे कोण आहे हे गावास नाव घेतल्यावाचून ठाऊक असते. अकर्मक क्रियापद म्हणजे बेवारस क्रिया नव्हे. मोखाड्यात या उत्सवास जगदंबा उत्सव हे भारदस्त नावही आहे. बोलण्यातील नाव मात्र बोहाडाच राहिले.

आता भंडारदऱ्याकडे वळू. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर, मेअखेरीस आणि जूनमध्ये, हिरडा, बेहडा, सादडा यांसारखी झाडे काजव्यांनी लखलखतात. काजवा आयुष्याचा बहुतांश काळ अळीच्या रूपात जमिनीत व पालापाचोळ्यात, गोगलगायीसारखे मऊ जीव खाऊन काढतो. पंख फुटल्यावर त्यास थोडे दिवस मिळतात, आणि ते जोडीदार शोधण्यात जातात. लुकलुकणे ही त्याची खूणभाषा. प्रत्येक जातीची लय निराळी. अनेक जातींच्या माद्या गवतात, जमिनीलगत बसून उत्तर देतात. मोटारीचा दिवा अथवा विजेरी या संभाषणात आली की ते तुटते, आणि रात्री गवतातून फिरणारी पावले माद्यांवरच पडतात. सुट्टीच्या रात्री तेथे लोटणाऱ्या गर्दीचा हा खरा दोष आहे. क्रियापदाने काजवा मरत नाही हे उघडच आहे. तथापि ज्या उत्सवाचा कर्ता वाक्यात सापडत नाही, त्यात ‘दिवे कोणी विझवावयाचे?’ या प्रश्नाचे उत्तरही सहज सापडत नाही. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेने घडविला, तिच्या भाषकांनी हा अंधार थोडा जपावयास हवा.

महोत्सव म्हटला की असेच होते, असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सागरी कासवांच्या संरक्षणास प्रारंभ केला. तत्पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी उकरून नेली जात. आता घरट्यातील अंडी भरतीरेषेच्या वर, कुंपणातील वाळूत पुरून ठेवतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी निघालेली पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. २००६ पासून यास कासव महोत्सव म्हणू लागले. पाहुणे गावातील घरांतच उतरतात, घरचेच जेवतात. अंड्यांवर पहारा ठेवणारे आणि पाहुण्यांस पिठलेभाकरी वाढणारे लोक एकाच गावचे. नाव नव्या कुळातले, रचना पुष्कळशी जुन्या. पिल्ले कोणत्या दिवशी वर येतील हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असल्याने महोत्सवाची खात्रीची तारीख देता येत नाही. शनिवारी आलेले पाहुणे रविवारी एकही पिल्लू न पाहता परततात, असेही तेथे घडते.