काळा बिबटा ही वेगळी जात नाही

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत काळ्या बिबट्याचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच, "तो बिबटा नव्हे, काळा वाघ. त्याची जातच वेगळी." म्हादईच्या परिसरात, चोर्ला घाटमाथ्यावरच्या सुर्ल्याच्या बाजूला तर हे अगदी खात्रीने बोललं जातं. जंगलाशेजारी पिढ्या घालवलेल्यांची गोष्ट मी समजू शकतो. पण शिकलेली माणसंही हेच वर्तमानपत्राच्या भाषेत सांगू लागतात तेव्हा मात्र राग येतो.

काळा बिबटा हा बिबटाच. तो ठिपकेवाल्या मादीशी जोडी जमवतो, त्यांची पिल्लं धडधाकट असतात आणि पुढे त्यांनाही पिल्लं होतात. एकाच वेतातलं एक पिल्लू काळं, दुसरं ठिपकेवालं असू शकतं. काळ्याच्या अंगावरही ठिपके असतातच. तिरप्या उन्हात तो नीट दिसला, तर काळ्यावर काळी फुलं उमटलेली दिसतात.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: आईबाप दोघेही ठिपकेवाले, मग पिल्लू काळं आलं कुठून? नक्कीच काही सरमिसळ झाली असणार! सरमिसळीची गरजच नाही. बिबटा काळा की ठिपकेवाला, हे एका जनुकावर ठरतं. प्रत्येक बिबट्यात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यातली एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते आणि ठिपके दिसतात. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच पिल्लू काळं होतं. आईबाप दोघांत एकेक बिघडलेली प्रत दडलेली असेल, तर प्रत्येक पिल्लू काळं होण्याची शक्यता चारात एक. चार पिल्लांत एक काळं असणारच, असा मात्र याचा अर्थ नाही. बिबट्याला बहुधा दोन-तीन पिल्लं होतात. ती सगळी ठिपकेवालीही निघतील किंवा दोन काळीही. उलट दोन्ही आईबाप काळे असतील तर पिल्लं काळीच होणार.

हे जनुक आधी सापडलं ते उंदरात. रंगीत उंदीर हौसेने पाळणारे आणि त्यांचा संकर करणारे लोक युरोपात फार पूर्वीपासून होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे ल्युसियां केनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1902मध्ये उंदरांच्या रंगावरूनच दाखवलं. रानउंदराच्या काळ्या केसावर पिवळसर पट्टा असतो. तो पट्टा आणणारं अगूटी जनुक बिघडलं की उंदीर निव्वळ काळा होतो. 1992मध्ये उंदरातलं हे जनुक हाती लागलं. 2012मध्ये श्नायडर आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात आशियाई बिबट्यांवरचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांच्यात याच जनुकातलं उत्परिवर्तन सापडलं. अमेरिकेतल्या काळ्या जग्वारची गोष्ट निराळी. तिथे दुसरंच जनुक आहे आणि त्याची एक प्रतही पुरते.

सावलीत राहून बिबटा काळा पडतो, हेही खोटं. तो जन्मतःच काळा असतो. तो जास्त क्रूर असतो याला कसलाही पुरावा नाही. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ हा निराळा प्रकार. तिथे वाघाचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात. 2021मध्ये उमा रामकृष्णन यांच्या गटाने त्यामागचं वेगळं जनुक शोधलं. आणि काळे बिबटे सगळीकडेच अपवादाने असतात असंही नाही. 2017च्या एका जागतिक अभ्यासानुसार सुमारे 11 टक्के बिबटे काळे आहेत, आणि दमट, दाट जंगलांत त्यांचं प्रमाण जास्त आहे. मलय द्वीपकल्पात तर जवळपास सगळेच काळे. सह्याद्रीच्या पावसाळी रानात ते आढळावेत यात नवल नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही रंगानुसार भेद नाही; दोघेही पहिल्या अनुसूचीत. म्हणून काळा बिबटा दिसला तर वनखात्याला बिबटा म्हणूनच कळवा, रंग काळा एवढी नोंद जोडा. 'काळा वाघ दिसला' असं लिहून गावात घबराट पसरवू नका.