बॉयलरच्या पहिल्या ज्वाळेतलं डिझेल

दसरा जवळ आला की पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते : अमुक साखर कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन. होम होतो, नारळ फुटतो, भट्टीच्या दारातून पेटता कापूर आत जातो. हा कापूर हल्ली बहुतेक वेळा पाइनच्या चिकापासून निघणाऱ्या टर्पेंटाइनचा असतो, म्हणजे मुळात तोही झाडाचाच. पण आतला लाकडाचा ढीग लवकर धरावा म्हणून बऱ्याच ठिकाणी डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या नाहीतर कॉटन वेस्टचे बोळे त्यावर टाकले जातात. पुढचे काही महिने उसाच्या चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, चालणारी भट्टी पेटते ती खनिज तेलावर. शेजारच्या आसवनीत पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तयार होत असताना हे डिझेल मला फार खुपतं.

हंगामभराच्या इंधनापुढे त्याचं प्रमाण नगण्य असतं, हे खरं. पण ते लागतं कशासाठी, हे पाहिलं की ते टाळता येण्याजोगं आहे हेही कळतं. लिटरभर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल उष्णता असते. चांगल्या वाळलेल्या अडीच किलो लाकडातही जवळपास तेवढीच असते. तेव्हा उष्णतेसाठी डिझेलची गरज नाही. ते वापरलं जातं घाईपोटी.

लाकूड काय किंवा बगॅस काय, आग लागते ती त्यातून निघणाऱ्या वायूंना. तापमान 100 अंश सेल्सिअसजवळ जाईपर्यंत बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच जाते. 200 अंशांपुढे तंतूंचं विघटन सुरू होतं, आणि 300च्या आसपास ज्वलनशील वायू इतके सुटू लागतात की जवळच्या ज्योतीने ते पेट घेतात. वायू संपले की उरतो तो निखारा. मिलमधून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये वजनाने जवळपास निम्मं पाणी असतं. किलोभर बगॅसमधलं हे अर्धा लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे 1.3 मेगाज्यूल लागतात. उरलेला कोरडा भाग जळला की 8 ते 9 मेगाज्यूल मिळतात. हिशेब नफ्याचाच आहे, फक्त खर्च आधी आणि मिळकत नंतर.

चालू बॉयलरमध्ये हा आधीचा खर्च भट्टी स्वतःच उचलते. तापून लाल झालेल्या अग्निविटा आत येणाऱ्या ओल्या इंधनावर उष्णतेचा मारा करतात, खालून गरम हवा येते, आणि चोथा शेगडीवर पडेपर्यंत बराचसा वाळलेला असतो. थंड भट्टीत यातलं काहीच नसतं. उलट भोवतीच्या पाण्याने भरलेल्या नळ्या उष्णता ओढून घेतात. ज्वाळा मलूल होते, वायू अर्धवट जळतात आणि चिमणीतून डांबराचा अंश असलेला दाट धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. डिझेलमध्ये पाणी नसतं, त्याची वाफ चटकन होते, म्हणून ते ही अडचण झाकून टाकतं.

पण त्यात जिवाचा धोका आहे. आग विझल्यासारखी वाटली म्हणून निखाऱ्यांवर पुन्हा डिझेल फेकलं, तर त्याची वाफ बंदिस्त भट्टीत साठते आणि एका ठिणगीसरशी स्फोट होतो. दारापाशी त्या वेळी फायरमन उभा असतो. तेलाच्या किंवा वायूच्या बर्नरसाठी नियम असा, की पेटवण्याआधी पंखे चालवून भट्टीतली हवा किमान पाच वेळा बदलावी. हाताने फेकलेल्या बोळ्यांना असा कुठलाच पहारा नसतो. माझ्या मते कार्बनच्या हिशेबाआधी या एका कारणासाठी भट्टीजवळचा डिझेलचा डबा हलवायला हवा.

आणि घाई तरी कशाची? बिगरहंगामात दुरुस्त केलेल्या अग्निविटांच्या बांधकामात ओल असते. ते एकदम तापवलं तर आतल्या वाफेने तडे जातात, म्हणून पहिला विस्तव मंदच ठेवावा लागतो. पाणी आणि वाफ साठवणाऱ्या ड्रमचं पोलाद जाड, ते आतून-बाहेरून सारखं तापायला हवं. त्यामुळे पाण्याचं तापमान ताशी सुमारे 50 अंशांपेक्षा वेगाने वाढू न देण्याची रीत आहे. बॉयलरला दाबावर यायला तसेही कित्येक तास लागणार असतील, तर डिझेलने वाचलेल्या दहा-पंधरा मिनिटांचं मोल काय?

पर्याय साधे आहेत. एक म्हणजे ढीग रचण्याची पद्धत. जाड ओंडके तळाशी, त्यावर बारीक फाटे, सर्वांत वर सुक्या ढलप्या आणि काटक्या, आणि काडी लावायची ती वरून. खालच्या लाकडातून हळूहळू निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जातो आणि जळून जातो. स्वित्झर्लंडमध्ये घरगुती शेगड्यांसाठी या रीतीचा मुद्दाम प्रसार झाला, कारण त्यामुळे पेटवतानाचा धूर बराच कमी होतो. हाताने लाकूड रचून पेटवायच्या भट्टीतही तत्त्व तेच.

दुसरा पर्याय गरम हवेचा. ऑस्ट्रियातल्या लाकडी ढलप्यांच्या आणि पेलेटच्या स्वयंचलित बॉयलरमध्ये विजेवर तापलेली, कित्येकशे अंशांची हवा इंधनाच्या छोट्याशा थरावर सोडतात. काही मिनिटांत थर धरतो आणि तापक बंद होतो. आपल्याकडची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे, पण हे काम मिनिटांचं. मोठ्या भट्ट्यांना असे अनेक तापक लागतील, आणि इंधन मात्र कोरडंच हवं.

तरंगत्या वाळूच्या थरावर इंधन जाळणाऱ्या बॉयलरची गोष्ट वेगळी. तिथे वाळूच आधी 500-600 अंशांपर्यंत तापवावी लागते, काडीने भागत नाही. स्वीडनमधल्या काही केंद्रांनी त्यासाठी खनिज तेलाऐवजी वनस्पतिजन्य तेल बर्नरमध्ये वापरायला घेतलं.

आपल्या कारखान्यांजवळ याहून सोयीची वस्तू आहे. आसवनीतल्या स्पेंट वॉशपासून, म्हणजे सांडपाण्यापासून, बायोगॅस निघतो आणि त्यात मिथेनचा वाटा निम्म्याहून जास्त असतो. त्यातला गंधकयुक्त वायू काढून तो योग्य बर्नरमधून, ज्वाळा विझताच गॅस तोडणाऱ्या यंत्रणेसह, पेटवणीसाठी देता येतो. इथेनॉल मात्र डिझेलसारखं ओतायचं मुळीच नाही. त्याची वाफ 13 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, आणि उजेडात त्याची ज्वाळा नीट दिसतही नाही.

समारंभातली पेटवणी हंगामात एकदाच. त्यानंतर ‘नो केन’ होतं, म्हणजे ऊस संपतो, अवकाळी पाऊस पडतो, मिल अडते आणि बॉयलर थांबतो. थांबा काही तासांचाच असेल तर भट्टी विझू देऊ नये : पंखे बंद, झडपा मिटलेल्या, शेगडीवर राखेखाली जाड निखारा. विटांमधली ऊब टिकली तर कोरड्या बगॅसच्या दोन-चार गासड्यांवर आग पुन्हा उभी राहते. त्यासाठी मागच्या हंगामातल्या गासड्या आणि फोडलेलं बाभळीचं, सुबाभळीचं लाकूड मे महिन्यातच पक्क्या छपराखाली, जमिनीपासून उंचावर रचून ठेवावं लागतं. जूनमध्ये ते उघड्यावर भिजलं, तर ऑक्टोबरात फायरमन पुन्हा डिझेलच मागणार.