उलटं करून दाखवायचं वाद्य

पेडल स्टील गिटार समोरून पाहिली तर तिच्यात मिरवण्यासारखं फारसं काही दिसत नाही. चार पायांवर उभी केलेली एक लांबट पेटी, तिच्यावर दहा तारा, खाली तीन-चार पेडल. गिटार म्हटल्यावर जो आकार आपल्या मनात येतो तो इथे कुठेच नाही. पण वादकाने ती सांगून, आपल्या बेताने घडवून घेतलेली असेल, तर तो ती हमखास उलटी करून दाखवतो. पेटीच्या पोटाखाली तेव्हा ओळीने बसवलेले आडवे दांडे दिसतात, दांड्यांवर चिमुकल्या तरफा, तरफांतून निघून उजव्या टोकाकडे धावणाऱ्या बारीक सळया आणि प्रत्येक सळीच्या शेवटी नायलॉनचं षट्‌कोनी नट. सळ्यांची ही गर्दी पाहून नवख्याला टाइपरायटरचं किंवा यंत्रमागाचं पोट आठवेल. वादकाचा जीव मात्र नेमका तिथेच गुंतलेला असतो. बाहेरच्या माणसाला हा महागड्या वस्तूचा सोस वाटेल, आणि जगात असा सोस असतोही. तरी माझं म्हणणं असं की या एका वाद्याबाबत हा अभिमान पुरता सार्थ आहे. कोणता स्वर कोणत्या स्वराकडे सरकू शकेल, हे इथे वाद्य बनण्याआधीच वादकाला ठरवावं लागतं. बनवायला दिलेली पेडल स्टील ही त्याने संगीतावर केलेल्या विचाराची पहिली कृती असते.

हे पटायचं तर वाद्य चालतं कसं ते थोडं बघायला हवं. वादक खुर्चीवर बसतो. त्याच्या डाव्या हातात गुळगुळीत, जड पोलादी बार असतो. तो तारांवर फक्त टेकवायचा, दाबायचा नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पेडलवर, डावा पाय स्वर बदलणाऱ्या पेडलांवर, आणि गुडघ्यांना अलीकडे-पलीकडे ढकलण्यासाठी लिव्हर. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे एकाच वेळी कामाला लावणारी वाद्यं फार नाहीत. तारांच्या सर्वांत रूढ मिळवणीला ई-नाइन्थ म्हणतात. ई हा षड्ज धरला, तर वादकापासून सर्वांत लांबच्या तारेपासून क्रम असा येतो : रे, नि, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नि, प. पहिलं पेडल दाबलं की दोन्ही पंचम वर जाऊन धैवत होतात. दुसरं दाबलं की दोन्ही गंधार मध्यमावर जातात. दोन्ही पेडल एकाच पावलाखाली येतात, म्हणून सा-ग-प वाजत असताना पाऊल टेकवलं की त्याचं सा-म-ध होतं. यात षड्ज जागचा हलत नाही. त्याच्या शेजारी गंधार अर्धा स्वर चढतो, पंचम पूर्ण स्वर चढतो, आणि अंतरं वेगळी असूनही दोघे एकाच क्षणी मुक्कामाला पोचतात. एक तार स्थिर आणि दोन तारांवर कमीजास्त लांबीची मींड, हे नुसत्या हाताला साधत नाही, कारण बार सरकला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा बरोबरीने सरकतात. कंट्री गाण्यांत मन हळवं करणारा जो स्टीलचा आवाज आपण ओळखतो, त्याचा उगम या एका हालचालीत आहे.

ही हालचाल कुणा कारखान्याने शोधून बाजारात आणलेली नाही. मांडीवर आडवी धरून पोलादाने वाजवायच्या गिटारीचा जन्म हवाईतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, आणि त्याचं श्रेय सहसा जोसेफ केकुकूला देतात. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचं वेड अमेरिकाभर पसरलं. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, व्यापारीदृष्ट्या यशस्वी ठरलेली पहिली विजेची गिटार आली तीही मांडीवरची स्टीलच होती. पुढे वादकांना जास्त कॉर्ड हव्याशा झाल्या, तेव्हा एकाच पेटीवर दोन-दोन, तीन-तीन गळे बसवून प्रत्येकावर वेगळी मिळवणी ठेवायची पद्धत पडली. इतके गळे न वाढवता एकाच गळ्यावर मिळवणी बदलता यावी, या गरजेतून पेडलची कल्पना आली. कॅलिफोर्नियातल्या डाउनीचा पॉल बिग्सबी हा मुळात ओतकामाचे नमुने करणारा, यंत्रकामातला कसबी माणूस, मोटरसायकलींच्या दुनियेतला. त्याने 1948 साली स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडल असलेली स्टील बनवली आणि पुढे बड आयझॅक्ससाठीही एक. तोवर पेडलचा उपयोग बहुधा एक कॉर्ड सोडून दुसरी धरण्यापुरता होता. वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि स्वराचा तो प्रवास ऐकू येऊ दिला. 1954 साली ते गाणं अमेरिकेच्या कंट्री यादीत 17 आठवडे अव्वल राहिलं, आणि स्टील वाजवणाऱ्यांची पेडल मिळवण्यासाठी धावपळ सुरू झाली.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ई-नाइन्थची तीन पेडल आणि चार-पाच लिव्हर आता जवळजवळ ठरून गेलेली आहेत, शिकवण्या आणि पुस्तकं त्यावरच चालतात. मग तयार वाद्य का घेऊ नये, वेगळं घडवून घेण्याचा अट्टहास कशाला? उत्तर या ठरलेपणाच्या इतिहासातच आहे. आज नियम वाटणारी प्रत्येक गोष्ट कधीतरी एकट्या वादकाची अडचण किंवा लहर होती. पंचम आणि गंधार वेगवेगळ्या पेडलांवर असावेत, एकाशिवाय दुसरा हलवता यावा, ही बडी एमन्सची गरज होती. वर दिलेल्या क्रमातले पहिले दोन स्वर, रे आणि नि, तिसऱ्या तारेच्या गंधाराहून खालचे असूनही त्याच्या पलीकडे बसलेत, हे नीट पाहिलं तर खटकतं. त्या दोन तारा एमन्सने 1962च्या सुमाराला वाढवल्या, कारण त्याला हाताशी सप्तकातले सलग स्वर हवे होते. मागाहून आलेल्या पाहुण्यांना जागा मिळेल तिथे बसवावं तशा त्या बसल्या आणि आज जगभरच्या ई-नाइन्थ स्टीलवर तिथेच आहेत. एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं शो-बड हे नावही दोघांच्या नावांतून बनलेलं. मग एमन्स तिथून बाहेर पडला आणि रॉन लॅशलीबरोबर त्याने स्वतःच्या नावाची गिटार बनवायला घेतली. वादक आणि कारागीर यांच्यातली भिंत या वाद्यात पहिल्यापासून पातळ राहिली आहे. पॉल फ्रँकलिन हा नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणांतला आजचा मोठा वादक, आणि त्याची वाद्यं बनवली ती त्याच्या वडिलांनी. सगळ्यांनी तयार मालच घेतला असता तर वाद्य 1954च्या जागीच थांबलं असतं.

दुसरा आक्षेप जुना आणि वजनदार आहे : कला हातात असते, वाद्यात नसते. बऱ्याच वाद्यांबाबत मी तो निमूटपणे मान्य करीन. चांगला पेटीवाला कुठल्याही पेटीवर बसला तरी सा कुठे आहे हे त्याला शोधावं लागत नाही. पेडल स्टीलमध्ये ही हमी नाही. कोणतं पेडल आणि कोणता लिव्हर कोणत्या तारेला किती चढवतो किंवा उतरवतो, याच्या तक्त्याला वादक ‘कोपेडंट’ म्हणतात, आणि वाद्य बनवायला देताना कारागिराच्या हाती पडतो तो हा तक्ता. एमन्सच्या मांडणीत पेडलांचा क्रम डावीकडून एक-दोन-तीन, तर जिमी डे या दुसऱ्या वादकाच्या मांडणीत तो बरोबर उलटा. एका पेडलवरून सुटून दुसऱ्यावर जाताना घोटा कुठल्या बाजूला कलतो हे त्यावर ठरतं, आणि वर्षानुवर्षं एका बाजूला कलायला शिकलेला घोटा रातोरात दुसरीकडे वळत नाही. षड्ज अर्ध्या स्वराने वर नेणारा लिव्हर डाव्या गुडघ्याच्या डावीकडे आहे अशी सवय असलेल्या माणसाला परक्या वाद्यावर बसवलं, तर त्याचा गुडघा नसलेल्या लिव्हरला चाचपत राहील. उंची, मांडीची लांबी, पेडलला हवा तो हलकेपणा किंवा ताठरपणा, सगळं त्याच्या अंगाशी जुळावं लागतं, म्हणून शिंप्याला द्यावं तसं माप द्यावं लागतं. मिरजेत गायिकेसाठी तंबोरा बनवताना आधी तिची पट्टी विचारतात, त्यातलंच हे, फक्त प्रश्नांची यादी कितीतरी लांब. हात कुशल असतातच, पण त्यांच्या कौशल्याचा निम्मा पत्ता वाद्याच्या पोटात लिहिलेला असतो.

आपल्याकडच्या रसिकाचा तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. मींड ही बोटाने, कानाच्या साक्षीने घ्यायची गोष्ट. ती सळ्यांच्या हवाली केली तर तिच्यात जीव कसा राहील? या प्रश्नाला आपल्या इतिहासाचा आधार आहे, कारण हवाईची तीच गिटार भारतातही आली आणि इथे वेगळ्या वाटेने गेली. 1940च्या दशकात हवाईयन वादक टाउ मो काही वर्षं कोलकात्यात राहिला. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवरच्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. ब्रिजभूषण काबरांनी त्या गिटारीवर राग मांडला आणि 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने तो देशाला ऐकवला. विश्वमोहन भट्टांनी चिकारीच्या आणि तरबेच्या तारा चढवून मोहनवीणा केली आणि 1994 साली ग्रॅमी मिळवलं. यांच्यापैकी कुणालाही पेडलची गरज पडली नाही, आणि हे ओघानेच आलं. एका स्वररेषेचं संगीत असेल तर सगळ्या तारांना एकत्र नेणारा बार पुरतो, आणि त्या रेषेतला प्रत्येक कण हाताच्या ताब्यात राहतो. अमेरिकन वादकाला हवं होतं ते वेगळं : तीन स्वर एकत्र वाजावेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःची चाल असावी. त्यासाठी यंत्र लागलं. यंत्र मुक्काम ठरवून देतं, तिथवर कशा गतीने जायचं ते पाऊल ठरवतं, पेडल अर्ध्यावर धरून स्वर तिष्ठत ठेवताही येतो, आणि बार तर हातात असतोच. तरी एवढं कबूल करायला हवं की मुक्कामाचे स्वर आधी ठरवून टाकण्यात काही गमावलंही जातं. भैरवाच्या आंदोलित ऋषभासाठी या वाद्याकडे कुणी जाऊ नये. दोन संगीतांनी एकाच पूर्वजाकडे दोन वेगळ्या मागण्या केल्या आणि दोन्ही मागण्या खऱ्या होत्या.

पैशाचं आणि हौसेचं काय? असं वाद्य काही हजार डॉलरला पडतं, महिनोन्‌महिने वाट बघावी लागते, दोन गळ्यांचं असेल तर पेटाऱ्यासकट तीसेक किलो उचलावे लागतात. कधीही न वापरले जाणारे लिव्हर हौसेपोटी बसवून घेणारे लोक असतात, आणि वाढीव लिव्हर म्हणजे वाढीव सळया, वाढीव वजन, बिघडायला वाढीव जागा. शिवाय गिटारवादक जेरी गार्सिया स्टीलचा मुरलेला वादक नव्हता, तरी 1970च्या ‘टीच युअर चिल्ड्रन’मधली त्याची स्टील आजही लोकांच्या कानात आहे. चांगलं संगीत घडवून घेतलेल्या वाद्यावाचूनही होतं. म्हणून अभिमानाची कसोटी किमतीत शोधू नये, तक्त्यात शोधावी. तक्त्यातल्या प्रत्येक बदलाला ‘हा कशासाठी?’ असं विचारलं आणि वादकाने उत्तर वाजवून दाखवलं, तर त्याचा अभिमान पैसे मोजून आलेला नाही.

त्यात कारागिराचाही वाटा असतो. पेटी बहुधा कठीण मेपलची. दहा तारांचा ताण तिच्यावर कायम असतोच, त्यात पेडल दाबलं की ओढ आणखी वाढते आणि लाकूड केसभर वाकतं. तेवढ्याने, ज्या तारांना पेडलने हातही लावलेला नाही त्या काही सेंटने उतरतात. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ही उतर जितकी कमी तितका कारागीर थोर, आणि घेणारा ती सूर दाखवणाऱ्या यंत्रावर मोजून पाहतो. मघाचे ग आणि प एकाच क्षणी मुक्कामाला पोचावेत यासाठी कोणती सळी तरफेच्या कोणत्या भोकात अडकवायची, हेही त्याने हाताने, पुन्हापुन्हा दाबून ठरवलेलं असतं. मागणी करणारा आणि बनवणारा दोघांचे कान त्या पोटात एकत्र येतात.

वाद्य घरी आलं की पेटाऱ्यातून पेटी काढायची, पाय आवळायचे, पेडलच्या सळया एकेक करून अडकवायच्या आणि बसायचं. आधी मोकळ्या तारा खुंट्यांवर लावायच्या. मग एकेक पेडल दाबून धरायचं आणि उजव्या टोकाचं नायलॉनचं नट पान्याने फिरवत, चढलेला स्वर वेगळा जुळवायचा. समान अंतराच्या सप्तकात गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो, निसर्गतः जुळणारा गंधार 386च्या आसपास, म्हणजे 14 सेंट खाली. जोडीला पियानो नसेल तेव्हा पुष्कळ वादक यंत्राचा काटा बाजूला ठेवून गंधाराची तार किंचित उतरवतात, सा आणि प यांच्याशी होणारी तिची थरथर शांत होईपर्यंत. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार तो हाच. पेडल दाबून मिळालेल्या धैवतालाही तेच करावं लागतं, कारण त्या दुसऱ्या कॉर्डमध्ये गंधाराची जागा त्याची असते. दहा तारा, तीन पेडल, चार-पाच लिव्हर, आणि प्रत्येकाचं नट वेगळं. पहिल्या दिवशी यातच संध्याकाळ होते.