उष्टे, घारी आणि विमान

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, आश्रयदात्यांचे आभार असावेत, हे रीतीला धरूनच आहे. त्यांत विमान आणि घार ह्यांचा विषय कशाला, असे वाचकांस वाटल्यास नवल नाही. परंतु आज आपल्या प्रत्येक कुटुंबातील कोणी ना कोणी विमानाने ये-जा करतो. लेक परदेशाहून माहेरी येते, आजी-आजोबा नातवंडांना भेटावयास तिकडे जातात. आपल्याच पंगतीचे उष्टे उघड्यावर पडले, तर त्याचा संबंध ह्या प्रवासाशी येऊन पोचतो. तो कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पक्षी आणि विमान ह्यांची टक्कर विमानाइतकीच जुनी. ऑर्व्हिल राइट ह्यांच्या विमानाने १९०५ सालीच एका पक्ष्यास धडक दिल्याची नोंद आहे. पुढे ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे उड्डाण करीत असलेल्या एका प्रवासी विमानाच्या वाटेत स्टार्लिंग पक्ष्यांचा थवा आला. इंजिनांची शक्ती खचली, विमान पाण्यात कोसळले आणि ७२ पैकी ६२ माणसे दगावली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला लहानसा पक्षी!

एवढासा जीव एवढ्या मोठ्या यंत्रास कसा पाडतो? ह्याचे उत्तर वेगात आहे. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. पाऊण किलो वजनाची घार ताशी २७० किलोमीटर वेगाच्या विमानास भिडली, तर दोनशे किलोंहून अधिक वजन एक मीटर उंचीवरून कोसळावे, तितका तडाखा बसतो. तो जेट इंजिनाच्या फिरत्या पात्यांवर बसला की पाती वाकतात, तुटतात. नव्या जातीचे इंजिन वापरात आणण्यापूर्वी त्यात मेलेले पक्षी फेकून परीक्षा घेतली जाते हे खरे. पण मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत अपेक्षा इतकीच, की इंजिन बंद पडले तरी त्यातून विमानास धोका होऊ नये. एक इंजिन गेले तर दुसऱ्यावर विमान उतरविता येते. मात्र थव्याने दोन्ही निकामी केली, तर वैमानिकाच्या हाती फार थोडे उरते. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात दाबोळीहून उडालेले नौदलाचे मिग विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडून कोसळले. दोघेही वैमानिक हवाई छत्रीने बचावले. पण प्रवासी विमानात अशी छत्री कोठली?

आता कचऱ्याकडे वळू. २६ फेब्रुवारी १९७३ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहराजवळच्या एका विमानतळावरून लिअरजेट जातीचे छोटे विमान निघाले. धावपट्टी सोडताच साळुंकीहूनही लहान अशा काळसर पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत शिरला, आणि विमानातील सातही जण मृत्युमुखी पडले. विमानतळाला लागूनच कचरा पुरण्याची जागा होती आणि पक्षी तेथे येत असत. चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की हा धोका अधिकाऱ्यांना ठाऊक होता, तो दूर करण्याचे आश्वासनही दिले गेले होते. केले मात्र काहीच नव्हते. ठाऊक असून न करणे, हीच ह्या विषयातली खरी खंत होय.

आपल्याकडे हे काम घार करते. उन्हे चढली की तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, आणि त्या हवेवर पंख पसरून घारी गिरक्या घेत उंच चढतात. कचऱ्याच्या डोंगरावर अन्न आणि वर तरंगावयास हवा, दोन्ही एकाच जागी मिळतात. आता विमानाकडे पाहा. उतरणारे विमान धावपट्टीपासून १० किलोमीटरवर असताना जमिनीपासून जेमतेम पाचशे मीटर उंचीवर असते. म्हणजे घारींचा आणि विमानाचा रस्ता एकच झाला! म्हणूनच आपल्या देशाच्या १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या आत पक्ष्यांना ओढून आणील असा केरकचरा, खानावळींचे खरकटे किंवा मांस-मासळीच्या दुकानांतील घाण टाकण्यास मनाई केली.

कोणी म्हणेल, फटाके वाजवून पक्षी हाकलावेत. विमानतळावर ते करतातच, गवतही कापतात. परंतु अन्न जेथल्या तेथे असेल तर हाकललेला पक्षी घटकाभराने परत येतो. ताट मांडून ठेवावयाचे आणि पाहुण्यास हाकलावयाचे, असा हा प्रकार आहे. खरा उपाय एकच : ताट उचलणे.

तो अशक्य नाही, हे आमच्या इंदूर शहराने दाखविले आहे. देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साचलेला सुमारे १३ लाख टन कचरा उपसून २०१८ साली ती जमीन मोकळी झाली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथेच ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा, रोज ५५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. हे काम विमानांसाठी झाले नाही, शहराच्या स्वच्छतेसाठी झाले. तथापि जे अन्न घारींच्या चोचीत जावयाचे, ते बसगाडीचे इंधन होऊ लागले, हा लाभ काही लहान नव्हे. ह्या साऱ्याचा पाया घरोघरच्या गृहिणींनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवून घातला आहे.

पितृपक्षात कावळ्यास घास ठेवणे हा आपला धर्म. त्याला कोणाची हरकत नाही. परंतु लग्नामुंजीच्या पंगतीनंतर उरलेले अन्न आणि खरकट्या पत्रावळी रात्री गुपचूप नाल्याकाठी लोटून देणे, हा धर्म नव्हे. कार्य कोणाचेही असो, आचाऱ्याशी बोलणी करतानाच उष्ट्याची व्यवस्थाही ठरवावी आणि ते झाकल्या पिंपातून नगरपालिकेच्या गाडीतच जाईल असे पाहावे. घारीस नियम वाचता येत नाहीत. ते आपणच पाळावयाचे आहेत. आपल्या मांडवातून निरोप घेऊन निघालेला पाहुणा आकाशातूनही सुखरूप घरी पोचावा, एवढीच आमची इच्छा आहे.